भाग फुकट, बाकीचं कोण भरणार?

एखाद्या कंपनीने संगणकाचा सदोष भाग परत मागवला की बातमीत 'मोफत बदलून देणार' हे शब्द ठळक छापलेले असतात. ते खरे असतात, पण अपुरे. भाग मोफत मिळतो. तो काढण्या-बसवण्याची मजुरी, सेवा केंद्राच्या खेपा, डेटा वाचवण्याची खटपट, मशीन हाताशी नसतानाचे दिवस आणि दुकानात अडकून पडलेला माल यांचा हिशेब बातमीत नसतो. तो कुणाच्या तरी खिशातून चुकता होतो, आणि बहुतेकदा तो खिसा पक्कं बिल नसलेल्या माणसाचा असतो. हा खर्च ग्राहकाला किती पडतो, दुकानदाराला किती पडतो आणि तो कमी कसा करायचा, ते इथे बाबवार पाहू.

तीन आठवड्यांत बाजार थंड

रिकॉलचा पैसा कुठून कुठे जातो हे समजायला २०११ मधलं इंटेलचं प्रकरण चांगलं आहे. त्या वर्षी ९ जानेवारीपासून इंटेलच्या 'सँडी ब्रिज' प्रोसेसरचे संगणक बाजारात येऊ लागले आणि ३१ जानेवारीला कंपनीने जाहीर केलं, की या प्रोसेसरसोबत मदरबोर्डवर बसणाऱ्या ६-सीरिज चिपसेटमध्ये दोष आहे. चिपसेटचं सांकेतिक नाव होतं 'कूगर पॉइंट'. हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह जोडायला त्यात सहा साटा पोर्ट होते. पहिले दोन, ६ गिगाबिट वेगाचे, ठणठणीत होते. उरलेले चार, ३ गिगाबिटचे, वापरता वापरता कमजोर होण्याची शक्यता होती. या चार पोर्टांच्या क्लॉक सर्किटमधल्या एका ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्यातून विजेची गळती वाढत जात होती.

असा दोष दुकानात पकडता येत नाही, कारण पहिल्या दिवशी मशीन झकास चालतं. वापरानुसार तीन वर्षांत साधारण ५ ते १५ टक्के मशीनना त्रास होईल, असा त्या वेळचा अंदाज होता. इंटेलने चिप पाठवणं थांबवलं, सुधारित चिप फेब्रुवारीअखेर देऊ आणि पुरवठा एप्रिलमध्ये पूर्वपदावर आणू असं सांगितलं. दुरुस्ती आणि बदलीचा एकूण खर्च ७० कोटी डॉलर आणि त्या तिमाहीतली विक्रीतली घट ३० कोटी डॉलर, असा हिशेबही कंपनीनेच मांडला.

हा झाला निर्मात्याचा खर्च. दुकानदाराची अडचण वेगळी होती. प्रोसेसरमध्ये काहीच खोट नव्हती, पण तो बसायचा फक्त याच चिपसेटच्या बोर्डवर. नवरदेव दारात आणि मांडवच नाही, अशी गत. काउंटरवरचे बोर्ड परत गेले आणि कपाटातले प्रोसेसर बोर्डाची वाट पाहत पडून राहिले. त्यांच्या व्याजाबद्दल कुणी काही बोललं नाही.

ग्राहकापुढे तीन रस्ते होते. बोर्ड परत करून पैसे घ्यायचे, नवा बोर्ड येईपर्यंत थांबायचं, किंवा हार्ड डिस्कची केबल पहिल्या दोन पोर्टांना लावून आहे ते मशीन वापरत राहायचं. ज्या लॅपटॉपमध्ये मुळात दोनच ड्राइव्ह होते आणि ते चांगल्या पोर्टांवर जोडलेले होते, त्यांना धोकाच नव्हता. म्हणून आठवड्याभरातच इंटेलने अशा रचनेसाठी जुनी चिप पुन्हा द्यायला सुरुवात केली. 'रिकॉल' ऐकताच मशीन बंद करून ठेवण्याआधी आपल्या मशीनमधला नेमका कोणता भाग सदोष आहे आणि आपण तो वापरतो का, हे विचारावं ते यासाठीच.

दोष कोणत्या प्रकारातला?

खर्च किती आणि घाई किती, हे दोषाच्या प्रकारावर ठरतं. ढोबळमानाने तीन प्रकार धरावेत.

*पहिला: जिवाला धोका.* यात बॅटरी आणि चार्जर येतात. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीच्या सेल असलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. दहा दिवसांत ॲपलने १८ लाख बॅटऱ्या मागवल्या. सेलच्या आत राहून गेलेल्या धातूच्या बारीक कणांमुळे शॉर्ट सर्किट होऊन बॅटरी पेट घेऊ शकत होती. जून २०१९ मध्ये ॲपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या काही १५ इंची मॅकबुक प्रोंच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं जाहीर केलं, आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हे लॅपटॉप विमानात नेऊ नका, असं प्रवाशांना बजावलं. अशा दोषात हिशेब करत बसायचं नाही. वापर त्याच दिवशी थांबवायचा. बॅटरी निघत असेल तर काढून मशीन नुसत्या चार्जरवर चालतं का, ते कंपनीच्या सूचनेत पाहायचं.

*दुसरा: हळूहळू बिघडणारा भाग.* कूगर पॉइंट इथला. मशीन वापरता येतं, पण बॅकअप आजच घ्यायचा आणि बदलीसाठी नाव नोंदवून ठेवायचं. रांग ओसरल्यावर गेलात तरी चालतं, फक्त योजनेची शेवटची तारीख चुकवू नका.

*तिसरा: रिकॉल नाही, वाढीव वॉरंटी.* आता हाच प्रकार जास्त दिसतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. २०२४ मध्ये कंपनीने रिकॉल केला नाही. मायक्रोकोडची सुधारणा दिली आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही सुधारणा बायोस अपडेटमधून येते, आणि ती पुढचं नुकसान टाळते. आधीच बिघडलेली चिप त्याने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. अशा योजनेत कंपनी तुम्हाला शोधत येत नाही. मशीन अडखळू लागलं तर दार तुम्हाला ठोठावावं लागतं.

ग्राहकाच्या खिशाला काय पडतं?

*भाग:* शून्य. 'हँडलिंग', 'तपासणी फी' असं काही मागितलं, तर कंपनीची मूळ सूचना मोबाइलवर उघडून दाखवा. पावती द्यायची तयारी नसेल तर पैसे देऊ नका.

*काढणं-बसवणं:* ब्रँडेड लॅपटॉप किंवा पीसी असेल तर हे काम सेवा केंद्र करतं आणि सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. असेंबल्ड पीसीत मात्र बोर्डाची कंपनी फक्त बोर्ड बदलते. जुना काढायचा, प्रोसेसर उतरवायचा, नवी थर्मल पेस्ट लावायची, केबली जोडायच्या, हे सगळं ज्याने पीसी जोडून दिला त्याच्याकडे. बोर्ड दुकानातून पक्क्या बिलावर घेतला असेल तर मजुरी माफ करून घेता येते. ऑनलाइन घेऊन गल्लीतल्या मेकॅनिककडून जोडून घेतला असेल, तर ती मजुरी तुमची. दर आधी ठरवा.

*वाहतूक:* जवळ सेवा केंद्र असेल तर रिक्षाभाडं. जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब असाल तर आधी पिकअपची सोय विचारा. सुरक्षेच्या कारणाने परत मागवलेली किंवा खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे. 'त्यात काय आहे?' या प्रश्नाला 'कपडे' असं उत्तर देऊन ती कुरिअरला देणं हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. कंपनीकडून खास खोकं मागवा किंवा स्वतः नेऊन द्या.

*डेटा:* सगळ्यात महागडा खर्च इथेच होऊ शकतो, आणि वॉरंटीच्या अटींत डेटाची जबाबदारी कंपनी सहसा घेत नाही. मशीन देण्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. आणखी एक खाच आहे. अलीकडच्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क पुष्कळदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती लिहून घेतली नसेल आणि खात्याचा पासवर्डही आठवत नसेल, तर डिस्क शाबूत असूनही फोटो आणि हिशेब हाती लागत नाहीत. विंडोजचं लायसन्सही मदरबोर्डशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलल्यावर ते पुन्हा सक्रिय करून द्यायला सेवा केंद्राला तिथेच सांगा, घरी आल्यावर नाही.

*मशीन नसतानाचे दिवस:* २०१९ च्या मॅकबुक योजनेत ॲपलने एक ते दोन आठवडे लागू शकतात, असं आधीच सांगितलं होतं. घरच्या वापराला ते चालतं. पण डीटीपी, सीएचं काम, ऑनलाइन शिकवणी यांवर पोट असेल, तर दोन आठवड्यांचं भाडं किंवा बुडालेली कामं हा खरा आकडा आहे. म्हणून मशीन देण्याआधी सुटा भाग आला आहे का, हे फोनवर विचारा. भाग आल्याशिवाय मशीन जमा करू नका. हा सल्ला सुरक्षेच्या दोषाला लागू नाही, पण बाकी सगळ्यांना लागू आहे.

*आधीच भरलेले पैसे:* योजना जाहीर होण्यापूर्वी तुम्ही तोच भाग स्वतःच्या पैशाने बदलून घेतला असेल, तर ते परत मिळू शकतात. जून २०१८ मध्ये ॲपलने काही मॅकबुकच्या कीबोर्डसाठी सेवा योजना काढली, तेव्हा आधी पैसे भरलेल्यांनी परताव्यासाठी संपर्क साधावा असं त्यात म्हटलं होतं. अधिकृत केंद्राची पावती असेल तर काम सोपं होतं. चिठोऱ्यावर लिहिलेला आकडा उपयोगाचा नाही.

दुकानदाराचं गणित

ग्राहकाला वाटतं की दुकानदाराचं काय जातं, कंपनी तर बदलून देते. एक हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत आहेत, पद्धत खरी आहे.

एका दुकानात एका मॉडेलचे १० बोर्ड आणि त्यावर बसणारे १० प्रोसेसर शिल्लक आहेत. बोर्डाची खरेदी ८,००० रुपये, प्रोसेसरची १२,०००. अठरा टक्के जीएसटी धरून २,३६,००० रुपये अडकले. याच मॉडेलचे ६ पीसी आधी विकले गेले आहेत.

- दोन महिने माल पडून राहिला आणि कॅश क्रेडिटचा दर वर्षाला १२ टक्के असेल, तर व्याज ४,७२० रुपये.
- एवढ्यात प्रोसेसरचा भाव ५ टक्क्यांनी उतरला, तर १० नगांवर तोटा ६,००० रुपये. प्रोसेसर सदोष नाहीत, त्यामुळे ते कंपनी परत घेत नाही.
- विकलेले ६ पीसी उघडून बोर्ड बदलून द्यायचे. कारागिराच्या वेळेचे पीसीमागे ५०० रुपये धरले, तरी ३,००० रुपये.

बेरीज १३,७२० रुपये. बोर्ड आणि प्रोसेसरवर ४ टक्के नफा धरला तर एका जोडीमागे ८०० रुपये सुटतात, म्हणजे सोळा जोड्यांचा नफा १२,८००. सगळा नफा गेला आणि वर हजारभराचा खड्डा. कंपनीने एकूणएक बोर्ड बदलून देऊनही हे झालं.

हा खड्डा लहान ठेवायचा असेल तर दुकानदाराने चार गोष्टी कराव्यात.

*एक.* बातमी आल्या दिवशी तो माल काउंटरवरून उचलून वेगळा ठेवा. सीरियल नंबरांची यादी करून डिस्ट्रिब्युटरला त्याच दिवशी ईमेल करा. व्हॉट्सॲपवर 'भाऊ, बघा जरा' इतकं पुरत नाही. डिस्ट्रिब्युटरने बदली माल द्यायच्या आधी क्रेडिट नोटचा पर्याय दिला तर तो तपासा. भाव उतरता असेल तर क्रेडिट नोट बरी, चढता असेल तर बदली नग बरा.

*दोन.* सदोष नसलेल्या, पण त्यामुळे अडकलेल्या मालाचाही प्रश्न त्याच ईमेलमध्ये मांडा. प्राइस प्रोटेक्शन, म्हणजे उतरलेल्या भावाचा फरक भरून देणं, हे देणं न देणं डिस्ट्रिब्युटरच्या मर्जीवर असतं, पण न मागणाऱ्याला ते मिळत नाही.

*तीन.* जीएसटीची भीती बाळगू नका. वॉरंटीत मोफत बदललेल्या भागावर ग्राहकाकडून काही घेतलं नसेल, तर त्यावर वेगळा जीएसटी लागत नाही आणि त्यासाठी सहसा इनपुट टॅक्स क्रेडिटही उलटवावं लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. पण ग्राहकाकडून मजुरी घेतलीत किंवा कंपनीला खर्चाचं बिल लावलंत, तर त्या रकमेवर कर आहे.

*चार.* विकलेल्या नगाचा सीरियल नंबर बिलावर छापा. तो छापलेला असेल तर सहा ग्राहकांना फोन करणं अर्ध्या तासाचं काम आहे. नसेल तर शंभर जणांना फोन करावा लागतो आणि त्यातले चौऱ्याण्णव विनाकारण घाबरतात. आपणहून फोन करणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक पुन्हा येतं.

एक मोह मात्र टाळा. परत मागवलेला माल 'सेकंडमध्ये' किंवा 'ऑफरमध्ये' काढून टाकायचा नाही. दोष माहीत असताना विकल्याचं पुढे सिद्ध झालं, तर कंपनी हात वर करते आणि सगळं दुकानावर येतं.

कच्चं बिल, ट्रे पीस आणि परदेशी माल

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तीन सवलती हमखास पुढे येतात. रिकॉलच्या वेळी त्या तिन्हींचा हिशेब उलटतो.

*कच्चं बिल:* 'जीएसटी वाचेल, कच्च्यात देतो.' म्हणजे ८,००० च्या बोर्डावर १,४४० रुपये वाचले. पण बोर्ड परत मागवला गेला आणि बिल नाही, तर तो त्याच दुकानातून घेतला हे सिद्ध कसं करणार? कंपनी सीरियल नंबरावरून बदलून देईलही, पण पैसे परत हवे असतील तर किंमत दाखवणारा कागद लागतोच.

*ट्रे पीस:* बॉक्सशिवाय मिळणारा प्रोसेसर स्वस्त असतो. २०२४ मधली वाढीव वॉरंटी बॉक्सवाल्यांना थेट इंटेलकडे मागता आली, ट्रेवाल्यांना मात्र ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याकडे किंवा पीसी बनवणाऱ्याकडे जायला सांगितलं गेलं. विक्रेता जागेवर असेल आणि त्याने लेखी वॉरंटी दिली असेल तरच हा सौदा करा.

*समांतर आयात:* बॉक्सवर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी नसेल, तर तो माल कंपनीच्या इथल्या साखळीतून आलेला नाही असं समजा. वॉरंटीसाठी इथलं सेवा केंद्र त्याला ओळख दाखवेलच असं नाही. सुरक्षेच्या रिकॉलमध्ये मात्र परिस्थिती बरी असते. बॅटरी बदलण्याच्या मोठ्या योजना बहुधा जगभर लागू असतात आणि पात्रता सीरियल नंबरावर ठरते. मुलाने न्यू जर्सीहून आणलेला लॅपटॉप असेल किंवा मित्राकडून जुना घेतलेला असेल, तरी नंबर टाकून पाहा. मालक बदलला म्हणून दोष बदलत नाही.

जुना माल घेणाऱ्यांसाठी आणखी एक. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे सँडी ब्रिजच्या, आय-३, आय-५ चा जुना पीसी कुणी दाखवत असेल, तर बोर्डाचं नाव पाहा. सुधारित चिपसेटला 'बी३' म्हणत, आणि गिगाबाइट, एमएसआय अशा कंपन्यांनी ती खूण बोर्डाच्या नावातच घातली होती. ती दिसली नाही तर हार्ड डिस्क पहिल्या दोन पोर्टांवर आहे का ते बघून घ्या.

कायदा कुठवर साथ देतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी इथे कामाच्या आहेत.

*केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण* धोकादायक माल परत मागवायचा आणि ग्राहकांना किंमत परत करायचा आदेश देऊ शकतं. म्हणजे रिकॉल ही फक्त कंपनीची कृपा नाही. लॅपटॉप आणि चार्जर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीतही येतात. चार्जरवर ब्युरोची खूण आणि नोंदणी क्रमांक नसेल तर तो घेऊच नका.

*उत्पादन दायित्व:* सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली किंवा घरातलं दुसरं सामान जळालं, तर निर्मात्याकडून भरपाई मागता येते. काही वेळा विक्रेताही जबाबदार धरला जातो: त्याने वस्तूत फेरफार केला असेल, स्वतःची वेगळी वॉरंटी दिली असेल, जोडणी-तपासणीत हयगय केली असेल किंवा निर्माता कोण तेच कळत नसेल तर. असेंबल्ड पीसीत बिननावाचा पॉवर सप्लाय घालणाऱ्या दुकानदारांनी हे कलम वाचून ठेवावं. मात्र वस्तूचं स्वतःचं नुकसान आणि बुडालेला धंदा या तरतुदीत धरले जात नाहीत. लॅपटॉप नव्हता म्हणून हातचं काम गेलं, याची भरपाई इथून मिळेल या भरवशावर राहू नका.

*सदोष मालाची तक्रार:* वस्तूचा दोष, खोटी टोलवाटोलवी, महिनोन्महिने न मिळालेला भाग यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दुरुस्ती, बदली, किंमत परत आणि झालेल्या त्रासाची भरपाई मागता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहा. आयोगाची तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते.

*ग्राहक कोण?* पुन्हा विकायला किंवा निव्वळ व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. दुकानदाराचं डिस्ट्रिब्युटरशी भांडण म्हणून इथे चालत नाही. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी एखादा संगणक घेऊन स्वतः काम करणारा डीटीपीवाला ग्राहकच ठरतो.

फोन खरा की खोटा?

रिकॉलच्या बातमीपाठोपाठ भामटेही जागे होतात. 'सर, तुमच्या लॅपटॉपची बॅटरी रिकॉलमध्ये आहे, रिफंडसाठी एक ॲप टाका.' खरी कंपनी सीरियल नंबर विचारते. ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप मागत नाही. आलेल्या लिंकवर न जाता कंपनीची साइट स्वतः टाइप करा आणि तिथल्या तपासणीच्या पानावर नंबर घाला. पैसे गेलेच तर सायबर गुन्ह्यांचा १९३० हा क्रमांक लगेच लावा.

बातमी आली, आता काय?

१. मशीनच्या तळाच्या स्टिकरवरून मॉडेल आणि सीरियल नंबर घ्या. स्टिकर पुसला असेल तर बॉक्सवर किंवा बिलावर पाहा.

२. कंपनीच्या साइटवर पात्रता तपासा. उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

३. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग बंद. टोचायची नाही, दाबायची नाही, भंगारवाल्याला द्यायची नाही.

४. बॅकअप, रिकव्हरी की, पासवर्ड या क्रमाने आवरून घ्या.

५. भाग आल्याची खात्री करून मशीन द्या. जमा पावतीवर सीरियल नंबर, मशीनची अवस्था आणि परत मिळण्याची तारीख लिहून घ्या.

६. परत मिळाल्यावर कोणता भाग बदलला ते जॉबशीटवर पाहा. नव्या भागाची वॉरंटी किती, हे लेखी घ्या.

बदलून घ्यावं, परत करावं की सोडून द्यावं?

वस्तू घेऊन महिनाही झाला नसेल, पैसे परत मिळत असतील आणि बदली भाग यायला दोन महिने लागणार असतील, तर पैसे घ्या. २०११ मध्ये घाई नसलेल्यांना तेच सोयीचं होतं. कामाचं मशीन असेल, दोष हळू बिघडणारा असेल आणि सदोष भाग तुमच्या वापरात नसेल, तर आता नाव नोंदवा आणि बदली सुट्टीच्या काळात करून घ्या. बॅटरी असेल तर वाट पाहायची नाही, मग मशीन सात वर्षं जुनं का असेना. पाच-सहाशे रुपयांच्या मजुरीसाठी दुकानदाराशी वाद झाला, तर एकदा १९१५ ला फोन करून पाहा आणि न मिटल्यास सोडून द्या. त्यापायी घालवलेल्या दोन सकाळी मजुरीपेक्षा महाग पडतात. पण वस्तूची पूर्ण किंमत अडकली असेल, आणि कंपनी विक्रेत्याकडे, विक्रेता कंपनीकडे बोट दाखवत असेल, तर दोघांनाही प्रतिवादी करून आयोगात जा. पाच लाखांच्या आत शुल्क लागत नाही, आणि जबाबदारी कुणाची हे मग त्या दोघांना तिथे ठरवून घ्यावं लागतं.